ओळीतली फट

रविवार, २५ जून १९६७

आजपासून रोजनिशी लिहायची ठरवली आहे. रोज जमणार नाही हे मला ठाऊक आहे, पण ठरवायला काय जातं.

कारण असं की यंदा फुटबॉलचा संघ माझ्या गळ्यात पडला आहे. गेल्या जूनमध्ये मी नगरकडून या सुरूबंदरच्या शाळेत कवायत आणि गणित शिकवायला आलो. तेव्हा ‘या, बसा’ म्हणणारा या गावातला पहिला माणूस म्हणजे आनंदा. होडीचा तांडेल, सुकाणू त्याच्या हाती आणि होडीवर शब्दही त्याचाच. गावाच्या संघाचा कप्तानही तोच. मला म्हणाला, “मास्तर, तुमी शिटी वाजवा, आमी धावतो.” मी जन्मात हुतुतू आणि लेझमीपलीकडे काही खेळलो नव्हतो. पुस्तक आणून नियम पाठ केले आणि शिटी वाजवू लागलो.

वैशाखाच्या शेवटी वादळ झालं, त्यात आनंदाची होडी परत आली नाही. बरोबर संघातले तिघे होते, त्यांची प्रेतं तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली. आनंदाला शोधायला गेलेल्या होड्या हात हलवत परत आल्या. एक वल्हंसुद्धा सापडलं नाही.

मला आनंदाची फार आठवण येते. संध्याकाळी ओट्यावर बसलं की तो आत्ता येईल असं वाटतं. पण आठवणी काढून अकरा माणसं होत नाहीत. पालघरच्या ढालीचे सामने ऑगस्टात आहेत. सात जण उरलेत. चार भरायचे आणि कप्तान नेमायचा.

रविवार, २ जुलै

इथला फुटबॉल पावसाळी. होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या की हे लोक चेंडू काढतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की होड्या पाण्यात आणि चेंडू माळ्यावर. म्हणजे मला वेळ थोडाच आहे.

आज बोईसरला गेलो. अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर नामदेव नावाचा कोल्हापूरचा फिटर आहे, लहानपणापासून तालमीच्या संघात खेळलेला. त्याच्या वसाहतीत सगळे क्रिकेटवाले, त्यामुळे बिचारा पाण्याबाहेरच्या माशासारखा तडफडत होता. आमचं मैदान पाहायला सायकलवरून माझ्याबरोबर आला. मैदान म्हणजे सुरूच्या झाडांमागची पांढरी वाळू आणि त्यावर चिखल.

“गोलाचे खांब कुठं हायत?” त्याने विचारलं.

मी जुन्या होडीच्या दोन फळ्या दाखवल्या. त्याने एक फळी हलवून बघितली, घट्ट आहे म्हटल्यावर हसला. “चालतंय की! मास्तर, चिखलातच आमचा जन्म गेलाय.”

असा गडी मिळायला भाग्य लागतं. पायांत ताकद, डोक्यात गणित. कप्तान म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आज प्रथमच कोणीतरी उभं राहिलं.

मंगळवार, ११ जुलै

रजा काढून वाणगावला उतरलो आणि पूर्वेला डोंगराकडे चालत सुटलो. सुका आणि मंगळ्या या दोन भावांना मी गेल्या वर्षी बाजारात पोत्यांच्या चेंडूशी खेळताना पाहिलं होतं. अनवाणी असे पळतात की पायाखाली दगड आहे की गवत याची त्यांना फिकीर नसते.

दोघे शेतात भाताची आवणी करत होते. मी बांधावरूनच भाषण ठोकलं: गावाची इज्जत, तालुक्याची ढाल, वगैरे. सुका मान वर न करता म्हणाला, “आवणी झाल्याबगर नाय येत, गुरजी.” मग मीही धोतर खोचून चिखलात उतरलो. मी दुष्काळी भागातला माणूस, पाण्यात उभं राहून पीक लावतात हे मी पुस्तकातच वाचलेलं. त्यांची बहीण सोमी माझ्या मागून येत माझी रोपं उपटून पुन्हा लावत होती. शेवटी म्हणाली, “मास्तर, तुमची रोपा निजलीत. तुमी बांधावर बसा, तं लवकर सरल.”

बांधावर बसलो. आवणी आटोपल्यावर येतो म्हणाले आहेत. हे लोक बोलले की येतात, असं वाणगावच्या दुकानदाराने सांगितलं.

रविवार, २३ जुलै

सगळे आले! सात जुने, नामदेव, सुका आणि मंगळ्या. दहा. अकरावा अजून मिळत नाही. कुंभवलीचा एक जण तयार होता, पण चिंतू म्हणाला, “नको मास्तर, दहा बस हाय.” चिंतू आमचा गोलरक्षक, आनंदाचा चुलतभाऊ. दहा बस कसे? या लोकांना हिशेब शिकवायचा माझा पगार कमीच आहे म्हणायचा.

एक गोष्ट मात्र मला खटकली. खेळाआधी मी नेहमी ओळ लावून घेतो. आज ओळीच्या मध्यभागी, चिंतूच्या उजव्या हाताला, एक माणूस मावेल एवढी फट. मी म्हटलं, “अंतर! अंतर सारखं ठेवा!” सगळे सरकले आणि क्षणात फट पुन्हा तिथेच. मी कवायतीचा मास्तर. वाकडी ओळ म्हणजे मला घासातला खडा. शेवटी सुकाला दंडाला धरून त्या जागी उभं केलं. तो पोरगा दोन पावलं मागे सरला आणि हळूच म्हणाला, “तटं मानूस हाय, गुरजी.”

डोंगरातली पोरं. त्यांना झाडाखाली, माळावर, कुठेही माणसं दिसतात. मी दुर्लक्ष केलं. पण चिंतूने सुकाकडे असं पाहिलं, जणू फार दिवसांनी कोणीतरी शहाणं माणूस भेटलं.

शिस्त लावायला कप्तान हवा. कप्तानाशिवाय ही गाडी रुळावर येणार नाही.

रविवार, ३० जुलै

आज चिंतूला कप्तानपद देऊ केलं. जुना गडी, मान त्याचाच. तो म्हणाला गुडघा दुखतो. तोच गुडघा घेऊन काल त्याने चार वेळा वाळूत सूर मारला होता. मग दुसऱ्याला विचारलं, त्याचं लग्न ठरायचं होतं. तिसऱ्याची आई नको म्हणत होती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

मग नामदेव पक्का करून मी आनंदाच्या घरी गेलो. कप्तानाच्या दंडावरची लाल पट्टी त्याच्या बायकोने, जयवंतीने, शिवलेली. ती त्यांच्याकडेच असते. आनंदाचे वडील, अण्णा, ओटीवर जाळं विणत होते. जयवंतीने कोरा चहा दिला. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण प्रत्येक गावाची रीत वेगळी.

मी पट्टी मागितली.

“ती पेटीत हाय, मास्तर,” ती म्हणाली. “तो आला का त्याच्याकडनं घ्या.”

आनंदा माझाही मित्र होता. पण कोणीतरी खरं बोलायला हवं होतं. म्हणालो, “वहिनी, सत्याकडे पाठ फिरवून कसं चालेल? मैदानावर आता नवा कप्तान लागेल.”

ती आत निघून गेली. अण्णांची सुई जाळ्यात थांबली होती. ते म्हणाले, “चा निवतो, मास्तर. पुनव होऊन जाऊ द्या.”

मी समजावलं की सामना तेरा तारखेला आहे, पुनव वीसला. त्यांनी मान हलवली, म्हणजे कळलं की नाही ते कळलं नाही. दुःखात माणसाला दिवसांचं भान राहत नाही. पालघरच्या पंचांना मात्र असतं.

बुधवार, २ ऑगस्ट

झालं एकदाचं. शाळेच्या ओट्यावरच्या फळ्यावर, जिथे येणारं-जाणारं सगळं गाव वाचतं, मी सुवाच्य अक्षरात संघ लिहिला. दहा नावं, आणि सर्वांत वर: ‘नवे कप्तान – श्री. नामदेव’. पट्टी नसली तर नसली, माझा रुमाल बांधू.

संध्याकाळी मैदानावर कोणी काही बोललं नाही. मी याला संमती समजतो.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

काल मैदानावर फक्त नामदेव, सुका आणि मंगळ्या. आज तर नामदेवच माझ्याकडे रुमाल परत घेऊन आला.

“हे तुमचं तुमच्याकडंच ठेवा.”

“का? घाबरलास?”

“घाबरायला काय कुस्ती हाय का?” तो सायकलच्या घंटीशी चाळा करत होता. “मास्तर, मला तुम्ही दुसऱ्याच्या ताटावर बसवलंय. त्यो माणूस नुसता हात धुवायला गेलाय, जेवणावरनं अजून उठला न्हाई. मी खेळतो. कप्तान न्हाई.”

कोल्हापूरची माणसं रांगडी, पण हे बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं. शाळेतही आज अर्धे वर्ग रिकामे. विचारलं तर एक मुलगी म्हणाली, “आया आनंदादादाच्या घरी बसल्यात.” का बसल्यात ते तिने सांगितलं नाही.

शनिवार, ५ ऑगस्ट

काय लिहू.

सकाळी अण्णा शाळेत आले. आत या म्हटलं तर आले नाहीत, ओट्याखालीच उभे राहिले. त्या फळ्याकडे पाठ करून.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुमी बाहेरगावचे. तुमाला कोनी सांगितला नाय, ती चूक आमची. आमच्या बंदरावर दर्यात गेलेला मानूस नजरेस पडला नाय, तं तो दर्यावरच हाय. पुनवेपातूर. पुनवेला नारल देताव, दर्याला इचारताव. मंग पुतला करून जालायचा, आनि मंग बांगड्या. तवर त्याची जागा कोनी घेत नाय. होडीत नाय, घरात नाय, खेलात नाय.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“तुमी शिकलेले. तुमी फल्यावर नवा कप्तान लिवला. गावात बोलबाला झाला का मास्तरला पालघरवरनं खबर आली, आनंदा मिलाला. मेलेला मिलाला. बाया आल्या, दगूड घेऊन बसल्या तिच्या बांगड्या फोडायला. ती पोरगी घरातनं निंगाली, ती वर ओढलेल्या होडीत चढून बसलीय. काल दुपारपासना. उतरत नाय.”

मी फळा पुसला. सदऱ्याच्या बाहीने पुसला, फडकं शोधायचं सुचलं नाही. मग बंदराकडे पळालो.

झापांखाली, होडीच्या मागच्या टोकाला, जिथे तांडेल बसतो तिथे जयवंती बसली होती. पदर ओला. दोन्ही हात पदराखाली लपवलेले. खाली बायका उभ्या होत्या, त्यांतल्या दोघींच्या डोळ्यांना धारा. कोणीही दुष्ट नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं की खबर खरी आहे आणि विधवेचं काम वेळेवर व्हायला हवं. आणि खबर देणारा मी.

“वहिनी,” मी म्हटलं, “मी पुसून टाकलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “मास्तर, तुमी पायलात का त्याला?”

“नाही.”

“कोनी पायला?”

“कोणी नाही, वहिनी.”

“मंग कशाला लिवलात?”

सामना होता, ढाल होती, ओळ सरळ हवी होती. यातलं काय सांगू? मी तिथेच वाळूत बसलो आणि सगळ्या बायकांसमोर रडलो. वैशाखापासून मी रडलो नव्हतो हे मला तेव्हा कळलं.

मग एक म्हातारी शाळेपर्यंत जाऊन फळा कोरा आहे हे डोळ्यांनी पाहून आली. त्यानंतरच जयवंती उतरली.

मंगळवार, ८ ऑगस्ट

सगळे मैदानावर परत आले. कोणी मला बोल लावला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मीच म्हटलं, कप्तान नको. चिंतू म्हणाला, “पालघरवाले खेलू देतील?” मी म्हटलं, ते माझ्यावर सोपव. उंटावरून शेळ्या हाकायची माझी सवय, आता खाली उतरून हाकून बघू.

ओळ लावली. फट होती. मी शिटी वाजवली आणि खेळ सुरू केला.

रविवार, १३ ऑगस्ट

पालघर. समोर शहरातला संघ, सगळ्यांच्या पायांत बूट.

नाणेफेकीला पंचांनी दोन्ही कप्तानांना बोलावलं. आमच्यातून कोणी हललं नाही. मी मध्यभागी गेलो. रस्त्याने येताना मोठं भाषण तयार केलं होतं, ते आठवेना.

“आमचा कप्तान दर्यावर आहे,” मी म्हटलं.

“मग दुसरा पाठवा.”

“दुसरा नाही. नाणं उडवायला नको. त्यांना हवी ती बाजू घेऊ द्या. आम्ही दहा जणच खेळू.”

पंच चिडले. नियम म्हणजे नियम, म्हणाले. हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोललो असेन. आता ते मलाच ऐकावं लागलं. तेव्हा समोरच्या संघाचा कप्तान पुढे आला. त्याने आमच्या ओळीकडे पाहिलं, फटीकडे पाहिलं. आनंदाविरुद्ध तो मागच्या वर्षी खेळला होता. पंचांच्या कानाशी काही बोलला. पंचांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि पुन्हा घातली. “घ्या बाजू,” एवढंच म्हणाले.

आम्ही हरलो, दोन विरुद्ध एक. आमचा गोल सुकाने केला, अनवाणी. गोल झाल्यावर पोरं नाचली नाहीत, चिंतूच्या उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे धावली. नामदेव सर्वांत पुढे होता.

ढाल गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाणगावला सुका आणि मंगळ्या उतरले तेव्हा मंगळ्याने विचारलं, “पुनवेला येऊ का, गुरजी?” मी म्हटलं, या.

रविवार, २० ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

दुपारी सगळं गाव किनाऱ्यावर. होड्या धुतलेल्या, पताका लावलेल्या. अण्णांनी नारळ दिला. ते कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि बराच वेळ तिथे उभे राहिले, पाठ आमच्याकडे. दर्याला काय विचारलं आणि काय कळलं ते त्यांनाच माहीत. परत आले आणि सुनेसमोर उभे राहिले. मान खाली घातली. तिने मान हलवली. एवढंच झालं. वाजंत्री आपोआप थांबली.

मला वाटलं आता मी निघावं. हे माझं काम नव्हे. पण दिवस कलायला आला तेव्हा चिंतू घरी बोलवायला आला. मैदानावर चला म्हणाला.

सगळे जमले होते. सुका आणि मंगळ्याही, नव्या सदऱ्यांत. झाडांपाशी अण्णा आणि त्यांच्यामागे बायका. जयवंती पुढे आली. हिरवं लुगडं, कुंकू, बांगड्या. हातात लाल पट्टी, धुऊन घडी केलेली.

“मास्तर, उद्या सकालपासना मी घराभायेर येयाची नाय,” ती म्हणाली. “बांगड्या हायत तवर माज्या हातानं देते. ओल लावा.”

मी शिटी खिशात ठेवली. हाताने खूण केली. पोरं उभी राहिली, फट तशीच ठेवून.

तिने त्या फटीकडे पाहिलं. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्या मोकळ्या जागेसमोर जाऊन थांबली.

“चिंतूभाऊजी,” ती म्हणाली. “हितं या.”

चिंतू हलेना. ढसाढसा रडत होता, गोलरक्षकाचे ते भले मोठे हात तोंडावर घेऊन. नामदेवने त्याच्या पाठीवर हात ठेवला, ढकललं नाही. मग चिंतू एक पाऊल उजवीकडे सरला. तिने त्याच्या दंडाला पट्टी बांधली. गाठ मारायला तिला वेळ लागला, बांगड्या वाजत होत्या. बाकीची पोरं एकेक करून सरकली.

आज पहिल्यांदा माझ्यासमोर सरळ, सलग ओळ उभी होती. हीच मला महिनाभर हवी होती. मी ‘सावधान’ म्हणायचं विसरलो. तरी सगळे सावधानच उभे होते.

सोमवार, २१ ऑगस्ट

पहाटे होड्या गेल्या. चिंतूची मात्र आज किनाऱ्यावरच आहे, त्यांच्या घरी पुतळ्याचं आणि बांगड्यांचं आहे.

शाळा भरली. तिसऱ्या तासाला वारा तिकडून इकडे वळला आणि आनंदाच्या घराकडून बायकांचा आवाज येऊ लागला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतल्या काहींच्या आया तिकडेच आहेत.

मी खिडक्या लावल्या आणि मुलांना सतराचा पाढा म्हणायला सांगितला. मोठ्याने म्हणा, म्हटलं. पाढा संपला. मी पुन्हा म्हणायला सांगितला.